ओळ २३४०

प्रिंटरने शेवटची ओळ खडखडत छापली आणि कागद जमिनीवर घडीवर घडी टाकून निपचित पडला. कॉम्प्युटरबाईने तो उचलला, दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या टरकन फाडून टोपलीत टाकल्या आणि सगळी चळत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरली. तरी दोन हात कागद उरलाच. तो तिने दारातून बाहेर व्हरांड्यात सोडला. तो ओलांडून जाणाऱ्या एका कंडक्टरने विचारले की आज ड्यूट्या जमिनीवर लावल्यात की काय. हो, आणि वाकून बघाव्या लागतील, असे तिने त्याला सांगितले आणि स्वतः गुडघ्यांवर बसून वाचायला लागली.

तिच्या लेखी हा सुटकेचा कागद होता.

बस डेपोचा ड्यूटी-वाटपाचा प्रोग्रॅम तिने चौदा वर्षांपूर्वी लिहिला होता. दर शुक्रवारी तो दीडशे ड्रायव्हरांना पुढच्या आठवड्याच्या गाड्या वाटून देई. कोणाला पहाटेची, कोणाला लांब पल्ल्याची, कोणाला कधी सुट्टी, सगळे आळीपाळीने. बेसिक भाषेतला प्रोग्रॅम, म्हणजे प्रत्येक ओळीला नंबर, आणि जागोजागी ‘इथून अमुक नंबरच्या ओळीवर जा’ असे हुकूम. लिहिला तेव्हा तो नऊशे ओळींचा, अंगाबरोबर बसणारा होता. मग नवे मार्ग आले, नवे नियम आले, साहेब बदलले, प्रत्येक साहेबाने आपापली हौस भागवून घेतली, आणि प्रोग्रॅम साडेतीन हजार ओळींचा झाला. त्यात कुठून शिरायचे आणि कुठून बाहेर पडायचे ते तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हते. अलीकडे तिलाही सगळेच माहीत आहे असे छातीठोकपणे म्हणता आले नसते.

बदलीचा अर्ज तिने चार वेळा केला होता. चारही वेळा साहेबांनी तो शांतपणे वाचून खणात ठेवला. प्रोग्रॅम कोण बघणार, एवढाच त्यांचा सवाल असे. नवरा तीन वर्षांपासून दुसऱ्या गावी नोकरीला होता. गेल्या वर्षी मुलगीही शाळेसाठी त्याच्याकडे गेली. ती दर शनिवारी पाच तासांचा प्रवास करून तिकडे जाई, मुलीच्या वह्यांना कव्हरे घाली, उसवलेले शिवून ठेवी, आणि रविवारी दुपारी परत फिरे. सुरुवातीला मुलगी स्टँडपर्यंत सोडायला यायची, मग फाटकापर्यंत. आता ती पुस्तकातून मान वर न करता आतूनच ‘ये हं आई’ म्हणे, एखादी पाहुणी निघाल्यासारखे. हे तिला फार लागले होते. नवऱ्याला बोलून दाखवले तर तो म्हणाला, पोर रडत नाही हे बरंच नाही का. बरेच होते, पण तिला ते बरे वाटत नव्हते.

पाचव्या अर्जाला साहेब नरमले. अट घातली की प्रोग्रॅम स्टोअरकीपरला समजावून द्यायचा आणि हस्तांतर-पत्रक भरून द्यायचे. पत्रकात सहा रकाने होते. सहावा रकाना ‘माहीत असलेले दोष’. त्यात सगळे ‘काही नाही’ असेच लिहितात, असे साहेबांनी स्वतःच सांगितले. शनिवारी पत्रक द्यायचे होते. रविवारी सामानाचा टेम्पो ठरला होता.

राहता राहिला स्टोअरकीपर. पन्नाशीचा भला माणूस, डेपोच्या युनिफॉर्म-बुटांचे कोठार सांभाळणारा. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी तो हातातली अंगठी काढून खिशात ठेवी, मशिनला शॉक बसेल म्हणून. त्याला साडेतीन हजार ओळी कशा समजावणार? तेव्हा दुसऱ्या कचेरीतल्या एका जुन्या मैत्रिणीने तिला एक फ्लॉपी पाठवली. तिच्यात क्रॉस-रेफरन्स काढून देणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो दुसऱ्या प्रोग्रॅमला अथपासून इतिपर्यंत वाचतो आणि पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी यादी छापतो. यादीच्या पहिल्या भागात प्रोग्रॅममधले प्रत्येक नाव आणि ते कोणकोणत्या ओळीत आले आहे ते. दुसऱ्या भागात प्रत्येक ओळीचा नंबर आणि तिच्यावर कुठून कुठून उडी मारून येतात ते.

जमिनीवर पसरली होती ती हीच यादी. ती वाचताना तिला आधी मजा वाटली आणि मग लाज वाटायला लागली. एक नाव चारशे दहा नंबरच्या ओळीत मोठ्या थाटात जन्माला घातले होते आणि पुढे कुठेही वापरले नव्हते. आठ ओळी अशा होत्या की त्यांच्याकडे कुठूनच वाट जात नव्हती. एकाच गोष्टीला तिने तीन ठिकाणी तीन नावे दिली होती. आपलेच कपाट दुसऱ्याने उघडून बघावे तसे तिला झाले. स्टोअरकीपर मात्र खूश होता. त्याच्या मते हे अगदी त्याच्या कोठाराच्या रजिस्टरासारखे होते, कोणता माल कोणत्या फळीवर. तो पट्टी धरून एकेक नाव वाचे, ती ओळ काढून अर्थ सांगे, आणि तो वहीत उतरून घेई. असे दोन दिवस चालले.

बुधवारी दुपारी ते ‘बी’ या नावापाशी आले. बी म्हणजे ड्रायव्हरचा बिल्ला नंबर. स्टोअरकीपरने ओळी वाचल्या: तीनशे, तीनशे दहा, सातशे ऐंशी, अकराशे वीस, दोन हजार तीनशे चाळीस. पहिल्या चार तिने न बघता सांगितल्या. पाचवी तिला आठवेना. तिने ती पडद्यावर आणली.

बिल्ला नंबर ४१७ असेल तर मार्ग ९ द्या आणि पुढचे सगळे सोडून थेट २६०० वर जा, असे त्या ओळीत होते. म्हणजे आळीपाळी नाही, ज्येष्ठता नाही, काही नाही. नऊ नंबर म्हणजे शहराला वळसा घालून परत डेपोत येणारी चक्राकार गाडी. ओळीच्या शेवटी तिच्याच हातची टीप होती. ‘तात्पुरते, पंधरा दिवस.’

स्टोअरकीपर पट्टी धरून वाट बघत होता. तिने त्याला विचारले की ४१७ कोण. कोठारवाल्याला नावे लक्षात राहत नसत, मापे राहत. शर्ट बेचाळीस, बूट आठ, पट्ट्याला एक भोक जास्तीचे, त्याने सांगितले, आणि मग म्हणाला, अहो तो नाही का, चकरी.

चकरी तिला ठाऊक होता. सगळ्यांनाच होता. उंच, थोडा पोक काढून चालणारा, कोणाशी फारसे न बोलणारा ड्रायव्हर. वर्षानुवर्षे चक्राकारवरच असतो म्हणून पोरांनी चकरी नाव पाडलेले. त्याला तीच गाडी आवडते असा डेपोत समज होता. तिचाही तोच समज होता.

तिने स्टोअरकीपरला चहा पिऊन यायला सांगितले आणि दार लावून घेतले.

अकरा वर्षांपूर्वी, तिला सातवा महिना असताना, त्या वेळचे ड्यूटी-क्लार्क खिडकीशी येऊन उभे राहिले होते. एका ड्रायव्हरची बायको इस्पितळात आहे, त्याला पंधरा दिवस चक्राकारवर ठेवता येईल का, म्हणजे रोज दुपारी घरी येईल. तिने त्यांच्यासमोरच ही ओळ घातली होती. पंधरा दिवसांनी काढते म्हणाली होती. दहाव्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या, मुलगी वेळेआधी झाली, आणि ती कामावर परतली तेव्हा पाच महिने उलटले होते. ओळ राहून गेली. एवढेच असते तर तिने स्वतःला माफही केले असते.

पण क्लार्क परत आले होते. ती रुजू झाल्यावर महिनाभरात. त्यांनी विचारले होते, ते ४१७ चं जरा बघता का बाई, त्याला सारखी नऊच येते. त्या दिवशी तिला रात्रभर झोप नव्हती, तापलेल्या पोरीला घरी ठेवून आली होती, आणि समोरचा माणूस तिच्या प्रोग्रॅमला नावे ठेवत होता. तिने प्रोग्रॅम उघडूनसुद्धा बघितला नाही. म्हणाली, कॉम्प्युटर माणूस ओळखत नाही, क्रमाने येते तसे येते. हे वाक्य तेव्हाच्या साहेबांच्या कानावर गेले आणि त्यांना इतके आवडले की त्यांनी ते पाटीवर रंगवून घेतले. कॉम्प्युटर माणूस ओळखत नाही, ड्यूटीबद्दल तक्रार करू नये. ती पाटी ड्यूटीच्या खिडकीवर अजून होती आणि तिला इतकी वर्षे तिचा थोडा अभिमानच वाटत आला होता. आता उघड झाले की कॉम्प्युटर दीडशे माणसांतल्या नेमक्या एकाला चांगला ओळखत होता.

पहिले काम तिने चोरासारखे केले. ओळ पुसली. चाचणीसाठी प्रोग्रॅम चालवला, तर तो मध्येच थांबला आणि म्हणाला, २३४० नंबरची ओळ सापडत नाही. तेव्हा तिने यादीचा दुसरा भाग बघितला. या अकरा वर्षांत तिने स्वतःच आणखी सहा ठिकाणांहून त्या ओळीवर उड्या आणून टाकल्या होत्या. कधी काही सुधारायचे असले की ही ओळ सोयीच्या जागी सापडे, मग तिथेच या, असे. समोर ती ओळ असूनही तिने एकदाही वाचली नव्हती. नुसता नंबर वापरला होता. आता ती काढताही येईना. शेवटी तिने त्या नंबरवर एक रिकामी ओळ ठेवली, जिच्यात काहीच नाही, जिच्यावर येऊन उडी फक्त पुढे जाते. प्रोग्रॅम सुरळीत चालला. शुक्रवारच्या तक्त्यात ४१७ ला लांबची गाडी आली.

झाले. कोणाला सांगायची गरज नव्हती. माणूस तीन महिन्यांनी निवृत्त होणार होता, निदान तेवढे दिवस तरी मोकळा रस्ता बघेल. सहाव्या रकान्यात ‘काही नाही’ लिहिले तर ते आता खोटेही नव्हते, कारण दोष उरलाच नव्हता. तिने हे सगळे स्वतःला इतक्या वेळा समजावले की शुक्रवारी सकाळपर्यंत ते जवळजवळ पटले.

शुक्रवारी अडीचला, सकाळची पाळी संपवून, चकरी तिच्या दारात आला. शर्टाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली, हातात फळ्यावरून काढून आणलेला तक्ता.

“हे कोणी बदललं?”

“क्रमानं आलं, काका.”

“अकरा वर्षं क्रम नव्हता?”

आवाज चढलेला नव्हता. तिने त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. जमिनीवरच्या कागदावर पाय पडू नये म्हणून दाराला लागूनच उभा राहिला. म्हणाला, शेवटचे तीन महिने राहिलेत, आता कोणाची मेहेरबानी नको. ज्यांनी मला त्या गाडीवर बसवलं ते तर गेले, मग आता उठवलं कोणी, तेवढं सांगा.

“कोण गेले?”

“दाजी. ड्यूटी-क्लार्क. माझ्या ताईचे यजमान.”

तिला हे माहीत नव्हते. डेपोत कोणालाच नसावे, कारण दोघे कधी बोलताना दिसले नव्हते. तो उभ्या उभ्या सांगत गेला. बायको इस्पितळात होती म्हणून त्यानेच दाजींकडे पंधरा दिवसांसाठी चक्राकार मागून घेतली होती. एकोणिसाव्या दिवशी बायको गेली. मग तो दाजींना म्हणाला की आता मला लांबच्या गाडीवर टाका, कुठेही टाका, ही गाडी इस्पितळाच्या फाटकावरून जाते. दिवसाला अकरा फेऱ्या. दाजी म्हणाले, मी सांगितलंय, पण कॉम्प्युटर तीच देतो. दर आठवड्याला हेच. एखादे मशिन एकाच माणसाला वर्षभर एकच गाडी कशी देईल? चक्राकार कोणालाच नको असते, आणि नाही म्हणू न शकणारा घरचा माणूस दाजींना आयता सापडला, असे त्याच्या मनाने घेतले. तो ताईच्या घरी गेला आणि बोलू नये ते दाजींना बोलला. ताई मध्ये पडली तर तिलाही बोलला. येणे-जाणे संपले. दाजी निवृत्त झाले तरी गाडी बदलली नाही, तेव्हा त्याला वाटले, जाताना तेवढे कायमचे लावून गेले.

“दोन वर्षांपूर्वी दाजी गेले,” तो म्हणाला. “ताईचं घर रस्त्यावरच आहे, नऊच्या मार्गावर. दारात माणसं जमली होती. मला ड्यूटी होती. अकरा वेळा पुढून गेलो.”

पाटीवरचे वाक्य तिच्या जिभेवर आले होते. सवयच होती. ते म्हटले असते तर तो मुकाट्याने निघून गेला असता, कारण अकरा वर्षे त्याने ते वाचलेच होते.

“दाजींनी नाही, काका. मी,” ती म्हणाली.

तिने त्याला यादीतली ती जागा दाखवली. तो उकिडवा बसला आणि आकड्यांच्या रांगेकडे बघत राहिला. तिने पंधरा दिवसांचे सांगितले, बाळंतपणाचे सांगितले, आणि मग थांबावेसे वाटत असूनही पुढचेही सांगितले: दाजी तिच्याकडे येऊन विचारून गेले होते आणि तिने न बघताच त्यांना वाटेला लावले होते.

“म्हणजे ते म्हणत होते ते खरंच होतं.”

“हो.”

तिला वाटले, आता हा ओरडेल. त्याने ओरडावे असे तिला मनापासून वाटत होते. पण त्याने फक्त त्या एका नंबरवर बोट ठेवले आणि तिथेच ठेवून दिले. बाहेर कोणीतरी गाडीचा पत्रा ठोकत होते.

“हे मला लिहून द्या,” तो म्हणाला. “सही करून.”

“मी येते ना ताईंकडे. मीच सांगते त्यांना.”

“तोंडी नको. तोंडी बोलूनच सगळं झालंय.”

टेबलावर हस्तांतर-पत्रकांचा गठ्ठा होता. पाच रकाने तिने कालच भरले होते, फक्त सहावा उरला होता. त्याला एका कोऱ्या कागदावर लिहून द्यावे आणि साहेबांना हे पत्रक ‘काही नाही’ लिहून द्यावे, असा विचार तिच्या मनात आला नाही असे नाही. चांगला रेंगाळला. टेम्पोवाल्याचा नंबर तिच्यासमोर कॅलेंडरवर लिहिलेला होता. पण एक सही तिथे आणि दुसरी इथे, दोन्हीकडे तिचेच नाव. तिने भरलेल्या पत्रकाखाली कार्बन घातला, त्याच्याखाली कोरे पत्रक ठेवले, वरचे पाच रकाने पुन्हा गिरवले आणि सहाव्यात लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवले. बिल्ला नंबर ४१७ यांना अकरा वर्षे एकच मार्ग मिळत राहिला. ही चूक प्रोग्रॅममधल्या एका ओळीची असून ती ओळ मी लिहिली व काढायला विसरले. यात तत्कालीन ड्यूटी-क्लार्क यांचा काहीही हात नव्हता.

तो ऐकत होता. मग म्हणाला, “एक राहिलं. दाजींनी विचारलं होतं, ते.”

ते तिने मुद्दामच गाळले होते. त्याच्याशिवाय ही विसरण्याची गोष्ट होती, आणि विसरतात माणसे. ते घातले की विसरण्याची राहत नव्हती. तिने पेन पुन्हा टेकवले आणि लिहिले: त्यांनी ही बाब माझ्या लक्षात आणून दिली होती. मी तपासले नाही. उलट त्यांनाच चूक ठरवले. मग तारीख घातली, सही केली, आणि कार्बन काढला.

“वरची घ्या,” ती म्हणाली. “खालची पुसट उठते.”

त्याने कागदाची घडी घातली नाही. तक्त्याच्या पुठ्ठ्यावर सरळ ठेवला आणि तसाच दोन्ही हातांनी धरून घेऊन गेला.

खालची प्रत ती साहेबांकडे घेऊन गेली. साहेबांनी पाच रकाने भराभर वाचले, सहाव्यापाशी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून दार लोटले. वाईट माणूस नव्हते ते. त्यांनी तिला समजुतीच्या स्वरात सांगितले की क्लार्क वारले, ड्रायव्हर चालला, ओळ काढून झाली, आता हे उकरून कोणाचे भले होणार? त्यांनी खणातून नवे कोरे पत्रक काढून तिच्यापुढे सरकवले आणि तिचे पत्रक फाडायला हातात घेतले.

“वरची प्रत गेली, साहेब.”

“कुठे?”

“ज्यांची होती त्यांच्याकडे.”

साहेबांनी हात खाली घेतला. आता हे मुख्य कार्यालयात कळवावे लागेल, ते म्हणाले. चौकशी होईल, सगळा प्रोग्रॅम ओळीन् ओळ तपासायला सांगतील, आणि तो तपासणार कोण? तोपर्यंत तिला सोडता येणार नव्हते. किती दिवस, असे तिने विचारले. सहा महिने धरा, ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, वर्षही लागेल. त्यांनी तिचा पाचवा अर्ज काढला आणि आधीच्या चारांवर ठेवला.

घरी फोन केला तेव्हा नवऱ्याने ऐकून घेतले आणि टेम्पोवाल्याला कळवतो म्हणाला. त्याला राग आला होता आणि तो आवरत होता, हे तिला तारेतून कळत होते. मुलीने फोन घेतला.

“मग कधी येणार तू?”

एरवी ती ‘लवकर’ म्हणत असे. या वेळी ‘माहीत नाही’ म्हणाली. मुलीने फोन ठेवला नाही, आणि दोघी तशाच थोडा वेळ धरून राहिल्या.

सहाच्या सुमारास ती नऊ नंबरमध्ये चढली. तिची खोली त्याच वाटेवर होती, तरी ती गाडी ती सहसा टाळायची, फार फिरून जाते म्हणून. दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर घाईचा होता. इस्पितळाचे फाटक आले आणि गेले, ते तिने नीट बघून घेतले. त्यापुढच्या तिसऱ्या स्टॉपला गाडी वेळेच्या आधी पोचली म्हणून त्याने इंजिन बंद केले आणि घड्याळ बघत बसला. प्रवासी कुरकुरले.

स्टॉपच्या समोर एक बैठे घर होते. दार अर्धे उघडलेले, आणि त्या अर्ध्या दारात एक म्हातारी, केस पांढरे, डोळे मिटलेले, एक हात चौकटीवर. पायरीच्या खाली तो उभा होता. बटणे अजून गळ्यापर्यंत लावलेली. दोन्ही हातांत पुठ्ठा धरून तो मोठ्याने वाचत होता. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ दिसत होते, आणि तो कुठपर्यंत आला आहे ते तिला कळत होते. शेवटच्या तीन वाक्यांपाशी तो अडला, थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. त्याचे वाचून झाले. म्हातारीने डोळे मिटलेलेच ठेवले आणि काहीतरी दोनच शब्द बोलली.

त्याने मान हलवली, पुठ्ठा वर धरला आणि पहिल्यापासून वाचायला घेतले.